बाबांनी कापून दिलेलं वाळूक

केळं खाल्लं की सगळ्यांचंच तोंड खाजतं, असं मी चांगली मोठी होईपर्यंत समजत होते. अळू खाजतं, सुरण खाजतं, तसंच केळंही खाजत असणार, लोक त्याबद्दल बोलत नाहीत एवढंच. अमरावतीला माहेरी केळं खाल्लं की मी जीभ टाळूला घासत कट्कट आवाज करत बसायची. आई म्हणायची, "काय आवाज करून राहिली ते, गप बस." काकडीचं तसंच, खरबुजाचं तसंच. थोड्या वेळाने सगळं आपोआप शांत व्हायचं आणि मी विसरून जायची. पावसाळा सरताना मला शिंकाही खूप यायच्या, डोळे लाल व्हायचे, पण त्या शिंकांचा आणि केळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या, आईच्या, कोणाच्याच डोक्यात येण्यासारखं नव्हतं. त्यामुळे लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा सासरी सांगावं असं आपल्याला काही दुखणं आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

सासरी माणसं दोन, नवरा आणि सासरे. सासूबाई आमच्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेलेल्या. सासऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून बाबाच म्हणत आले. ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. सगळी नोकरी मशीनच्या घरघरीत गेल्यामुळे असेल, पण बोलायची त्यांना सवय नव्हती. सकाळी बुद्धवंदना झाली की पेपर, मग सायकल पुसणं, मग अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी. मी शाळेत शिकवायला जायची, नवरा वीज कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत बाबा बाजारातून परतलेले असत. सायकलच्या हँडलला पिशवी, आणि पिशवीत भाजीच्या वर, दबू नये म्हणून वेगळं ठेवलेलं फळ.

नवी सून घरात आल्यावर तिच्याशी काय बोलावं, हे त्यांना कळत नसावं. मलाही कळत नव्हतं. मग त्यांनी फळ कापायला सुरुवात केली. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आले की ते पाटावर बसून विळीवर फळ कापायला घ्यायचे. मीठ, थोडं तिखट, आणि फोडींनी भरलेली ताटली माझ्यासमोर. "खाय बाई, थकून आली," एवढंच म्हणायचे. उन्हाळ्यात खरबूज, बाकी वर्षभर केळी, आणि भादव्यात वाळकं. वाळूक म्हणजे काकडीचीच बहीण, कपाशीच्या ओळींमधून वेल सोडतात तिचा. पिकलं की पिवळं होतं आणि घरभर वास सुटतो. बाबांना ते जीव की प्राण. त्यातली मधली, गोड फोड ते माझ्या बाजूला सरकवून ठेवत, आणि मी ती तोंडात घालेपर्यंत स्वतः खात नसत.

तोंड खाजायचं. पण ते तर लहानपणापासूनच खाजत होतं. मी पाठ फिरवून पाणी प्यायची, जीभ टाळूला घासायची, आवाज होऊ द्यायची नाही. नवऱ्याला एकदा गमतीत म्हणाले होते की तुमच्याकडची केळी फार खाजरी आहेत. तो म्हणाला, केळी कुठं खाजतात का? मला वाटलं, त्याच्या जिभेला कळत नसेल.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. माझी शाळा गावाच्या कडेला. वाटेत एक मोठं मोकळं मैदान होतं, आणि पावसाळ्यानंतर ते पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जायचं. गाजर गवत. ते आमच्याकडे सगळीकडेच आहे, शेताच्या धुऱ्यावर, रेल्वेच्या रुळाकडेला, प्लॉटवर, त्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. दरवर्षी त्या दिवसांत माझ्या शिंका आधीच्या वर्षाहून वाढत होत्या. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी शिंकत राहायची आणि मुलं हसू दाबत बसायची.

त्या वर्षी पोळा झाल्यावर एका रविवारी आम्ही तिघं हिवरखेडला गेलो. तिथे माझ्या नवऱ्याच्या मामांचं वावर, शेत आहे, म्हणजे बाबांच्या साळ्याचं. सासूबाई गेल्यावरही या दोघांचं येणं-जाणं तुटलं नव्हतं. मामा बोलके, बाबा गप्प, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. मामांनी फोन करून सांगितलं होतं, वाळकं लागली आहेत, सूनबाईला घेऊन या.

वावरापर्यंत गाडी जात नव्हती. धुऱ्यावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंनी गाजर गवत कमरेएवढं वाढलेलं. मी हाताने बाजूला सारत चालले होते आणि शिंकांवर शिंका येत होत्या. मामा पुढून म्हणाले, "सूनबाईले थंडी झाली वाटते." बाभळीखाली बसलो. बाबांनी एक पिकलेलं वाळूक निवडलं, मामांच्या विळ्याने कापलं आणि पहिली फोड मला दिली. मी ती खाल्ली. दुसरीही खाल्ली.

नेहमीसारखी खाज सुरू झाली, पण नेहमीसारखी थांबली नाही. ती घशात उतरली. कानाच्या आत खाजायला लागलं. मग ओठ जड वाटायला लागले. मी हात लावून पाहिला तर ते माझे ओठ वाटेनात. नवरा माझ्याकडे पाहून एकदम उठला. मी म्हणायचा प्रयत्न करत होते की काही नाही, होईल बरं, पण गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं आणि आवाज घोगरा झाला होता. त्या क्षणी मी पहिल्यांदा घाबरले.

गाडीपर्यंत मला कसं आणलं ते नीट आठवत नाही. बाबा मागच्या सीटवर माझ्या शेजारी पाण्याची बाटली धरून बसले होते. पाणी देत नव्हते, नुसती धरून होते. गावातल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत खाटेवर झोपवून ठेवलं, आणि म्हणाले की ही कसलीतरी अॅलर्जी आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. हळूहळू ओठ उतरले, घसा मोकळा झाला.

पण बाबांनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांच्या मनात दुसरंच होतं. आमच्या भागात फवारणीच्या औषधाने माणसं दवाखान्यात गेल्याच्या गोष्टी दरवर्षी कानावर येतात. दवाखान्याच्या ओट्यावर ते मामांना म्हणाले, "कपाशीले फवारलं असन तू. सांगाले पायजे होतं."

मामा म्हणाले, "भाऊजी, पोळ्याच्या कितीक आधी फवारलं होतं. पंप घरी पडून आहे."

"मंग पोरीचं तोंड काहून सुजलं?"

एकाच वाळकाच्या फोडी आम्ही चौघांनी खाल्ल्या होत्या आणि बाकी तिघांना काहीच झालं नव्हतं, ही साधी गोष्ट त्या वेळी कोणाच्याही ध्यानात आली नाही. परतताना मामा गाडीपर्यंत पोचवायला आले, खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबांशी मात्र ते बोलले नाहीत आणि बाबाही समोर पाहत बसले.

त्यानंतर घरात फळ येणं बंद झालं. पिशवी यायची, पण तिच्यात वांगी, मेथी, कांदे. मी शाळेतून आले की बाबा पाटावर नसायचे, अंगणात कढीपत्त्याजवळ उभे असायचे. आमच्यात तेवढा एकच तर रोजचा व्यवहार होता, तो थांबला. मला इतकं सुनं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मामांचा फोन आला तरी ते नवऱ्याच्या हातात देऊन उठून जायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीला माहेरी गेले. आईने सवयीने केळं पुढे केलं. मी सवयीने एक घास खाल्ला आणि पुन्हा ओठांना मुंग्या आल्या. घास थुंकून टाकला. आईचं केळं बाजारचं, धुतलेलं, सोललेलं. त्याला कुठून आली हिवरखेडची फवारणी? मी आईला विचारलं की मी लहानपणी केळं खाऊन आवाज करायची ते आठवतं का? आई म्हणाली, न आठवायला काय झालं, काकडीलाही करायची, अन् खरबुजालाही. मग दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो.

अमरावतीत अॅलर्जीच्या एक डॉक्टर आहेत असं शेजारणीकडून कळलं. अकोल्याला परतल्यावर वेळ घेतली. त्यांनी फोनवरच सांगितलं की तपासणीआधी काही दिवस सर्दीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि ज्या फळांचा संशय आहे ती ताजी सोबत आणायची. नवऱ्याला पाळी बदलून मिळेना. मी एकटी जाईन म्हटलं तर बाबा म्हणाले, "म्या येतो." आणि निघायच्या सकाळी त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीत एक केळं, एक काकडी, आणि कुठून मिळवलं कोण जाणे, हंगाम सरता सरता राहिलेलं एक लहानसं वाळूक. प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेलं. रेल्वेत ती पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली होती, माझ्यापासून लांब, खिडकीच्या बाजूला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एक थेंब टाकला आणि बारीक सुईने टोचलं. फळांसाठी सुई आधी फळात टोचायची, मग हातात. बाबांनी विचारून घेतलं की जोखीम नाही ना. त्या म्हणाल्या, आम्ही इथेच आहोत, औषध हाताशी आहे. मग थांबायचं होतं. थोड्या वेळाने हातावर डास चावल्यासारखे फुगवटे यायला लागले. केळ्याच्या खुणेवर, काकडीच्या, वाळकाच्या. पण सगळ्यांत मोठा फुगवटा एका अशा खुणेवर होता जिथे कोणतंच फळ नव्हतं.

"हे कायचं?" बाबांनी वाकून विचारलं.

"गाजर गवताचे पराग," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मूळ दुखणं गवताचं आहे. शिंका त्याच्याच. त्याच्या परागात जी प्रथिनं असतात, त्यांच्यासारखीच दिसणारी प्रथिनं केळ्यात आणि काकडी-खरबुजाच्या कुळात असतात. शरीर परागावर आधीच चिडलेलं असतं, आणि फळ तोंडात गेलं की त्यालाही तेच समजून चिडतं. बहुतेक वेळा तोंड खाजण्यावर भागतं. हिवरखेडला गवत फुलांवर होतं, मी त्यातून चालत गेले, नाक-डोळे आधीच पेटलेले, आणि त्यावर दोन फोडी, म्हणून जास्त झालं असावं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे वाळकात काई खराबी नव्हती."

"वाळूक चांगलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "फवारणीचाही काही संबंध दिसत नाही." पुढे मला म्हणाल्या, "ही फळं कच्ची खायची नाहीत. गोळ्या जवळ ठेवायच्या. आणि पुन्हा कधी घसा आवळला, श्वासाला त्रास झाला, तर वाट पाहायची नाही, सरळ दवाखाना. केव्हापासून आहे हे?"

मी म्हणाले, लहानपणापासून.

बाबा माझ्याकडे वळले. "मंग माह्या घरी एवढे वर्स काहून खाल्लं?"

सगळ्यांनाच खाजतं असं वाटायचं, हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, कारण नवऱ्याने सांगितल्यावरही मी खात राहिलेच होते.

"तुमी कापून देत होते न, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी फार कामाचा प्रश्न विचारला, "शिजवून देल्लं तर चालन का?"

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, बहुतेकांना चालतं, कारण शिजवल्यावर ती प्रथिनं मोडतात. पण सुरुवातीला एक घास, मग थांबून पाहायचं, आणि घरात माणूस असताना.

त्यानंतरच्याच आठवड्यात बाबा एकटेच बसने हिवरखेडला गेले. तिथे काय झालं ते मला मामांकडून नंतर कळलं. आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले. कपाशीला भाव काय, तूर कशी आहे, असं सगळं विचारलं. जायला उठले तेव्हा चपला घालता घालता म्हणाले, "तुह्या वावराचं काई नव्हतं. गवताचं होतं. म्या तुले नाहक बोललो." मामा म्हणाले, बसा, चहा होऊन राहिला. आणि दोघंही पुन्हा बसले. मामांनी मला हे सांगितलं तेव्हा ते हसत होते, पण मधेच थांबून म्हणाले की भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा एका दमात एवढं बोलले.

पुढच्या भादव्यात मामांनी दोन पिशव्या पाठवल्या. एकीत पिकलेली वाळकं, बाबांसाठी आणि नवऱ्यासाठी. दुसरीत कोवळी, हिरवी. कोवळ्यांची भाजी बाबांनी स्वतः केली. तोवर त्यांना चहा आणि फोडणीचं वरण सोडून काही करताना मी पाहिलं नव्हतं. मोहरी, लसूण, तिखट, वरून दाण्याचं कूट. मऊ गाळ होईपर्यंत शिजवली, मला थांब थांब म्हणत. मग वाटीत एकच चमचा वाढला. मी खाल्ला आणि आम्ही दोघं बसून राहिलो. बाबा माझ्या ओठांकडे पाहत होते, मी भिंतीकडे. काही झालं नाही. आणखी चमचा. काही झालं नाही.

केळं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी शिजवून पाहिलं. तुपावर केळ्याचे काप टाकले, गूळ, वेलची, आणि झाकण ठेवून चांगले शिजू दिले. मी जपून घास घेतला. जीभ वाट पाहत होती, पण खाज आली नाही. आणि तेव्हा मला कळलं की केळ्याला एक चव असते, मागे थोडीशी आंबूस, मऊ. पस्तिशी उलटून गेल्यावर मला पहिल्यांदा केळं नुसतं केळ्यासारखं लागत होतं. मी रडायला लागले. बाबा घाबरून पाण्याचा गडू घेऊन धावले, त्यांना वाटलं घसा आवळला. त्यांना समजावून सांगेपर्यंत उरलेले काप कढईला लागले.

घराशेजारी एक रिकामा प्लॉट आहे. त्यावरचं गाजर गवत बाबा आता दर पावसाळ्यात फुलं यायच्या आधीच उपटून टाकतात. हाताला पिशव्या बांधून, तोंडाला गमछा गुंडाळून. मी सांगितलं की पराग गावभरातून उडत येतात, एका प्लॉटने काय होणार, तुम्हालाच खाज सुटेल. ते म्हणाले, "इतकं तं होते न." ते दर वर्षी पुन्हा उगवतं, आणि बाबा दर वर्षी पुन्हा उपटतात. मला शिंका येतातच, पण नाकातल्या फवाऱ्याने आणि गोळ्यांनी त्या आवाक्यात आहेत. शाळेत मी रस्ता बदलून जाते. संध्याकाळी बाबा पुन्हा पाटावर बसतात. पेरू, सीताफळ, संत्रं, बोरं, यांनी मला काही होत नाही, हे आम्ही एकेक करून पाहून ठेवलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी बाबा आणि मी परतवाड्याला निघालो होतो. वाटेत बस थांबली तशी खिडकीशी काकडीवाली आली. आमच्या पुढच्या सीटवर एक बाई आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी. बाईने काकडी घेतली, मीठ लावून मुलीपुढे धरली. मुलगी मान हलवत होती. आई चिडून म्हणाली, "नखरे नको करू, ऊन किती आहे." मुलगी काकडी हातात धरून बसली. बाबा इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते, त्यांनी तोंड वळवलं. अनोळखी माणसांशी ते बोलतच नाहीत. पुढे वाकून त्यांनी त्या मुलीला विचारलं, "तोंड खाजते का वं तुह्यं?"

मुलीने आधी आईकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहून हळूच होकारार्थी मान हलवली.

आई म्हणाली, "कायचं खाजते? कधी बोलली नाही हे."

"बोलत नाईत ते," बाबा म्हणाले. "त्याहिले वाटते सगळ्याइचंच खाजते." आणि मग गाडी सुरू झाली, ते सीटच्या दांड्याला धरून पुढे सरकले आणि त्या बाईला सांगायला लागले, गवताचं, परागाचं, अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंचं. आवाज बसच्या घरघरीवर चढवून, जिनिंगमध्ये बोलत असतील तसे. बाई आधी संशयाने ऐकत होती, मग विचारू लागली की दवाखाना कोणत्या बाजूला. मुलीच्या हातातली काकडी तिने स्वतःकडे घेतली होती आणि ऐकता ऐकता खात होती.

बाबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे न तुह्यापाशी?" मी पर्समध्ये फोन शोधायला लागले.